टिन उडाल्यावर आधी काय करायचे, आणि पुन्हा उडणार नाही असे छत कसे घालायचे

नागपुरात छताची परीक्षा पावसाळ्याच्या कितीतरी आधी सुरू होते. फेब्रुवारी-मार्चात गारपीट, एप्रिल-मे महिन्यांत दिवसभर तापल्यावर संध्याकाळी उठणारे वादळ, आणि जूनच्या मध्यावर मान्सून. मधले वादळ अर्ध्या तासात येऊन जाते, पण टिन उडतात ते त्यातच. दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीत चित्र ठरलेले असते: टिनाचा एक कोपरा मुडपून उलटा पडलेला, त्यावर ठेवलेले दगड अंगणात, आणि तेच दगड पुन्हा वर चढवण्याची घाई.

दगड चढवू नका. वारा छताला वरून दाबत नाही, तो छत वर ओढतो. ताशी ८० किलोमीटरच्या वाऱ्यात दर चौरस मीटरवर सुमारे ३० किलोचा जोर येतो. १० बाय १० फुटांच्या टिनावर तो २८० किलोच्या घरात जातो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या तेवढ्या टिनाचे स्वतःचे वजन जेमतेम ४५ ते ५० किलो. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. त्या हिशोबाने हाच जोर ११०० किलोवर जातो. दाट वस्तीतल्या बैठ्या घराला यातला काही भाग कमी लागतो, मोकळ्या ले-आउटमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या शेडला मात्र जवळपास सगळा. आठ-दहा दगड इथे काहीच करत नाहीत, उलट वारा सुटला की तेच कोणाच्या तरी डोक्यावर येतात. छत टिकते ते बांधणीवर. टिन स्क्रूला, स्क्रू पर्लिनला (टिनाखालच्या आडव्या पाइपाला), पर्लिन कैचीला (पर्लिन पेलणाऱ्या चौकटीला), कैची भिंतीला आणि भिंत खालच्या भिंतीला धरून असली पाहिजे. या साखळीत एक कडी ढिली असली की बाकीच्या कितीही मजबूत असून उपयोग नाही.

पहिला तास

वादळ चालू असताना छतावर कोणीही जायचे नाही, टिन फडफडत असले तरी नाही. घरातल्यांना पक्क्या स्लॅबखालच्या खोलीत न्या. नसेल तर टिन उडालेल्या बाजूपासून लांबच्या, बिनखिडकीच्या भिंतीशी बसवा. वाऱ्याच्या बाजूची दारे-खिडक्या लावून घ्या. उघड्या दारातून आत शिरलेला वारा टिनाला खालून ढकलतो आणि वरची ओढ त्यात मिळते, म्हणून एक दार उघडे राहिल्याने अख्खी बाजू उचलली जाऊ शकते.

मग वीज. मेन स्विच कोरड्या जागी असेल आणि तुम्ही कोरड्या जमिनीवर उभे असाल तरच तो बंद करा. स्विचबोर्डमधून पाणी झिरपत असेल तर हात लावू नका, महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवा. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर तुटून टिनावर पडली असेल, तर ते अख्खे टिन, त्याखालचे पाइप, त्याला टेकलेली शिडी आणि त्याला बांधलेली कपडे वाळवायची तार, सगळे जिवंत आहे असे समजा. लाइनमनने पुरवठा तोडल्याचे सांगेपर्यंत कोणालाही जवळ जाऊ देऊ नका, मुलांना तर अजिबात नाही.

घरात पीओपीचे छत असेल आणि त्याला पाण्याचा फुगा आला असेल, तर खाली बादली ठेवून फुग्याच्या सर्वात खालच्या जागी पेचकसाने एक भोक पाडा. पाणी एका धारेने उतरते. तसेच सोडले तर अख्खा तुकडा एकदम खाली येतो.

शेवटच्या गडगडाटानंतर किमान ३० मिनिटे थांबा. विजांसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाइलवर असू द्या.

वर चढण्याआधी

काहीही हलवण्याआधी फोटो काढा: लांबून घर, जवळून तुटलेली जागा, उडून पडलेले टिन, आत भिजलेले सामान. फोटोत तारीख येईल असे पाहा. घराचा विमा असेल तर लगेच कंपनीला कळवा. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत वादळ, पूर आणि वीज पडून झालेले नुकसान येते. सरकारी मदतीसाठी तलाठ्याचा पंचनामा लागतो. पंचनाम्याची वाट पाहत घर भिजत ठेवायचे कारण नाही, ताडपत्री टाका. मात्र तुटलेले टिन आणि वाकलेले पाइप भंगारात द्यायची घाई करू नका, ते एका बाजूला रचून ठेवा.

घरावर झाड किंवा मोठी फांदी पडली असेल तर अग्निशमन दलाला १०१ वर बोलवा. पडलेल्या झाडाचा भार कशावर तोललेला आहे ते खालून कळत नाही, एक फांदी कापली की उरलेले झाड फिरते. उभे झाड पुढच्या वादळात पडेल अशी भीती असेल तर आधी महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते.

शिडी चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर या प्रमाणात लावायची, आणि तिचे डोके छताच्या कडेच्या ३ फूट वर हवे. खाली एक माणूस शिडी धरून. ओल्या टिनावर चढायचे नाही. सुकले तरी पाय ठेवायचा तो स्क्रूच्या रेषेवर, कारण खाली पर्लिन तिथेच असतो. दोन पर्लिनच्या मधे पाय पडला की टिन दबते, सांधा उघडतो, आणि जी गळती नव्हती ती सुरू होते. कमरेला दोर बांधून त्याचे दुसरे टोक पलीकडच्या बाजूला कैचीला किंवा खांबाला अडकवा, पर्लिनला नको. मे महिन्यात हे काम सकाळी ६ ते ९ मध्येच करायचे. दुपारी टिनाला हात लावता येत नाही, आणि वर घेरी आली तर सावरायला काही नसते.

ताडपत्री अशी बांधा

ताडपत्रीही उडते, आणि ती टिनासारखीच वर ओढली जाऊन उडते. कोपऱ्यातल्या कड्यांना सुतळी बांधून विटा लटकवल्या की पहिल्याच झोतात कड्या फाटून निघतात, कारण सगळा ताण चार बिंदूंवर येतो. ताण कडेच्या पूर्ण लांबीवर वाटला गेला पाहिजे.

किमान २०० जीएसएमची, म्हणजे दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची ताडपत्री घ्या. उघड्या जागेच्या सगळ्या बाजूंना ३ फूट जास्त हवी. १० बाय १२ फुटांची जागा उघडी पडली असेल तर १६ बाय १८ लागते, म्हणून बाजारात मिळणारी १८ बाय २४ घ्यायची. वरची कड आढ्याच्या पलीकडच्या उतारावर उतरली पाहिजे. उतारावर मधेच संपवली तर वरून येणारे पाणी सरळ तिच्याखाली शिरते. हीच चूक सर्वात जास्त होते.

लकडगंजच्या आरा मशीनवरून १ बाय २ इंचांच्या लाकडी पट्ट्या आणा. ताडपत्रीची कड पट्टीभोवती दोन वेढे गुंडाळा, वेढा खालच्या बाजूला राहील असे पालथे करा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. पट्टीला आधी बारीक भोक पाडून ७५ मिमीचा सेल्फ ड्रिलिंग (स्वतःच भोक पाडत जाणारा) स्क्रू टिनातून थेट पर्लिनमध्ये उतरवा. आडवी पट्टी पर्लिनच्या रेषेवर ठेवून दर दीड फुटाला एक स्क्रू, उभी पट्टी जिथे जिथे पर्लिन ओलांडते तिथे एक. नुसत्या टिनात मारलेला स्क्रू वाऱ्याने उपसतो. मधल्या भागावरून आडवा-उभा नायलॉनचा दोर ताणून घ्या, म्हणजे ताडपत्री फुगत नाही. फुगणारी ताडपत्री एका रात्रीत स्वतःला घासून फाटते.

एवढे नीट केले तर काही आठवडे निघतात. नागपूरच्या उन्हात ताडपत्री लवकर ठिसूळ होते, तेव्हा तिच्या भरवशावर अख्खा पावसाळा काढायचे मनात आणू नका.

टिन जागेवर आहे, पण गळते आहे

पाणी ठिबकते तिथेच भोक असते असे नाही. ते पर्लिनच्या कडेने कितीतरी फूट सरकून पडते. आत उभे राहून ठिबकण्याच्या जागेपासून वरच्या उताराकडे शोधत जा. दिवसा आतले दिवे बंद केले तर भोक उजेडाच्या टिपक्यासारखे दिसते. तिथे खालून एक तार वर काढून ठेवा, वरून सापडायला सोपे जाते.

सर्वात जास्त गळती स्क्रूपाशी असते. कारण साधे आहे. १७ फूट लांब टिन पहाटेपासून दुपारपर्यंत ५० अंशांनी तापले तर सुमारे ३ मिमी लांब होते आणि रात्री पुन्हा आखडते. हे रोज चालते. स्क्रूखालचे रबर घासते आणि भोक लांबट होते. तिथे पुन्हा तोच स्क्रू पिळून काही होत नाही. जुना काढा, एक नंबर जाड स्क्रू नव्या ईपीडीएम (ऊन-पाणी सोसणाऱ्या) रबराच्या वॉशरसकट बसवा. भोक वॉशरइतके मोठे झाले असेल तर टिनाचाच ४ इंची तुकडा, खाली सीलंट आणि चारही बाजूंना रिव्हेट.

दोन इंचांपर्यंतच्या भोकाला ॲल्युमिनियमचे तोंड असलेली ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) उत्तम. तारेच्या ब्रशने गंज काढा, थिनरच्या फडक्याने पुसा, पूर्ण सुकू द्या, आणि भोकाच्या चारही बाजूंना ३ इंच पुढे जाईल अशी टेप लावून लाकडी लाटण्याने जोर देऊन दाबा. ओल्या किंवा धुळीच्या टिनावर लावलेली टेप दुसऱ्या दिवशी हातात येते.

यासाठी तीन गोष्टी वापरू नका. एम-सीलसारखी कडक लांबी टिनाबरोबर हलत नाही, तडकते. डांबर मे महिन्यात वितळून ओघळते. आणि व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे स्वस्त सिलिकॉन टिनावरच्या जस्ताला खाते, म्हणून दुकानात ‘न्यूट्रल क्युअर’ सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट असे स्पष्ट मागा.

टिन भिंतीला जिथे भिडते तिथे मिस्त्री सिमेंटचा माल भरून देतात. भिंत हलत नाही, टिन रोज हलते, तेव्हा तो सांधा पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो. तिथे भिंतीत इंचभर खोल खाच मारून पत्र्याची फ्लॅशिंग, म्हणजे सांधा झाकणारी वाकवलेली पट्टी, त्यात अडकवायची, खाच पीयू सीलंटने भरायची, आणि खालची कड टिनावर किमान ६ इंच नुसती टेकलेली ठेवायची.

सिमेंटचे पत्रे आणि कवेलू

जुन्या सिमेंट पत्र्यांत बहुधा ॲस्बेस्टॉस असते. त्यावर थेट पाय ठेवला की माणूस आरपार खाली जातो, म्हणून दोन पर्लिनवर टेकेल अशी फळी टाकूनच चालायचे. फुटलेले तुकडे गोळा करताना आधी पाणी मारून ओले करा, एन-९५ मास्क लावा, झाडूने कोरडे झाडू नका, ग्राइंडरने कापू तर मुळीच नका. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही आणि तिचे परिणाम कित्येक वर्षांनी दिसतात. तुकडे दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून वेगळे ठेवा आणि ते कुठे द्यायचे ते महापालिकेच्या झोन कार्यालयात विचारा.

कवेलूच्या (कौलांच्या) घरात वादळ आणि वानरे मिळून दरवर्षी काही कवेलू फोडतातच. तातडीला फुटलेल्या कवेलूच्या वरच्या ओळीतला कवेलू उचलून त्याखाली जाड प्लास्टिक किंवा पत्र्याचा तुकडा सरकवा, पाणी पुढच्या कवेलूवर उतरते. देशी कवेलूंची शाकारणी दर उन्हाळ्यात व्हायलाच हवी. मंगलोरी कवेलूंना पाठीमागे तार ओवायला भोक असते. निदान कडेच्या दोन ओळी आणि आढ्याजवळची एक ओळ तारेने पट्टीला बांधून घ्या, वारा सुरुवात तिथूनच करतो.

स्लॅब गळत असेल तर

आधी गच्चीवर जाऊन पाणी वाहून नेणाऱ्या तोंडाची जाळी साफ करा. १००० चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाणी साचले म्हणजे सुमारे २३६० लिटर, जवळजवळ अडीच टन. वाळलेली पाने आणि प्लास्टिकची पिशवी जाळीला चिकटून सहा इंच पाणी तुंबले तर १४ टन. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांतच १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला होता. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर ४ इंची एक पाइप साधारण ४५० चौरस फुटांचे पाणी नेऊ शकतो. तेव्हा १००० फुटांच्या गच्चीला तीन पाइप हवेत. घरोघरी एक किंवा दोन दिसतात.

पावसात तडा बुजवता येत नाही. उघाड मिळाली की तडा आणि आजूबाजूची ६ इंच जागा घासून स्वच्छ करा, ती ओलसर असली तरी चालेल पण वर पाणी नको. एसबीआर लेटेक्स (सिमेंटात मिसळायचे रबरी द्रव) १ किलोला दीड किलो सिमेंट असा घोळ ब्रशने दोन हात द्या, पहिल्या हातात फायबरची जाळी दाबून बसवा. हा पावसाळा निघतो. कायमचे काम कोरड्या दिवसांत: तडा १० मिमी रुंद आणि तितकाच खोल इंग्रजी व्ही आकारात उघडून पीयू सीलंट, भिंत आणि गच्चीच्या कोपऱ्यात सिमेंट-वाळूचा गोल वाटा, दर १०० फुटांना किमान १ फूट ढाळ, आणि त्यावर पांढरे इलास्टोमेरिक (रबरासारखे ताणणारे) कोटिंग. पांढऱ्याचा आग्रह यासाठी की स्लॅब कमी तापतो आणि कमी तापला की कमी तडकतो. शेवटी पाइपांची तोंडे बंद करून गच्चीवर दोन इंच पाणी ४८ तास उभे करा. मजुरीचा शेवटचा हप्ता त्यानंतर.

नवे टिनाचे छत: सुरुवात भिंतीपासून

टिन बदलायचे की फक्त दुरुस्त करायचे, हे पर्लिनवर ठरवा. पेचकस पाइपाच्या खालच्या बाजूला, विशेषतः वेल्डिंगपाशी, जोराने टोचा. आत गेला किंवा गंजाच्या पापुद्र्या सुटल्या, तर वरचे टिन चांगले असले तरी ते छत बांधलेले नाही. काम दिवाळी ते जानेवारी या काळात काढा. वादळाच्या दुसऱ्या दिवशी अख्खे शहर मिस्त्री शोधत असते, आणि घाईत घातलेले छत पुढच्या वर्षी पुन्हा उडते.

उदाहरणासाठी २० बाय १५ फुटांची खोली घेऊ. उतार १५ फुटांच्या दिशेने.

सर्वात कच्ची कडी भिंतीच्या डोक्याशी असते. पाइप एखाद-दोन विटांत रोवून सिमेंट थापलेले असते. या खोलीत कैच्या पावणेसात फुटांवर आहेत, म्हणजे एका कैचीवर साधारण १०० चौरस फूट छत येते. नागपूरच्या मूळ वेगाने ११०० किलोची ओढ, दोन टोकांना ५५०-५५० किलो. ९ इंची भिंतीच्या तेवढ्याच लांबीच्या एका फूट उंचीचे वजन सुमारे २७० किलो. वरची एक-दोन वीट धरून काय होणार? निदान ३ फूट खोलपर्यंतची भिंत त्या टोकाला बांधली गेली पाहिजे, तेव्हा ८०० किलो हाताशी येतात.

नवी भिंत असेल तर तिच्या डोक्यावर ६ इंच उंचीचा काँक्रीट पट्टा घाला: १० मिमीच्या चार सळया, दर ६ इंचाला ६ मिमीच्या रिंगा. प्रत्येक कैचीच्या जागी एक उभी सळई, खाली भिंतीत काँक्रीटने भरलेल्या पोकळीत ३ फूट उतरलेली, शेवट वाकवलेला. त्याच जागी पट्ट्यात १२ मिमीचे दोन अँकर बोल्ट सोडा आणि कैचीची पाटी त्यावर नटने कसा. जुनी भिंत असेल तर ४० बाय ५ मिमीची लोखंडी पट्टी भिंतीच्या आतून आणि बाहेरून ३ फूट खाली आणा, १२ मिमीचे तीन आरपार बोल्ट टाका, आणि वरचे टोक कैचीला वेल्ड करा. दिसायला फार छान नाही, पण छत धरून ठेवणारी ही सर्वात स्वस्त गोष्ट आहे.

कैचीचे माप स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या, १५ फुटांच्या गाळ्यात अंदाज चालत नाही. त्याला एवढेच सांगा की खालच्या वजनासोबत वर ओढणाऱ्या वाऱ्याचाही हिशोब हवा.

पर्लिन ६० बाय ४० मिमीचा, पाइपाच्या पत्र्याची जाडी २ मिमी. अंतर ३ फूट ठेवा. म्हणजे १५ फुटांत सहा. बाजारात सर्रास ४-५ फूट ठेवतात आणि टिन दोन पर्लिनच्या मधे फडफडते. वेल्डिंग दोन्ही बाजूंनी पूर्ण, नुसते टाके नकोत, आणि प्रत्येक जोडावर रेड ऑक्साइडचे दोन हात टिन बसवण्याआधीच. नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

टिन विकत घेताना

इतवारीतल्या लोहाओळीत ‘२६ गेज, २८ गेज’ अशी भाषा चालते. गेज विसरा, जाडी मिलिमीटरमध्ये विचारा आणि ती रंगासकट आहे की नुसत्या पोलादाची आहे तेही विचारा. रंगासकट ०.५० मिमी घ्या. गॅल्व्हल्यूम (जस्त-ॲल्युमिनियमचा लेप दिलेले टिन) असेल तर ‘एझेड १५०’ मागा, म्हणजे दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला १५० ग्रॅम लेप. कंपनीच्या शीटच्या पाठीवर हे छापलेले असते, बिलावरही तसेच लिहून घ्या. टिन उतरवताना मायक्रोमीटर लावून पाहायला संकोच करू नका, पैसे तुमचे आहेत.

एक शीट बसल्यावर साधारण १ मीटर रुंदी झाकते. २० फूट अधिक दोन्हीकडे १ फूट बाहेर, म्हणजे २२ फुटांना ७ शीट. लांबी १५ अधिक २, म्हणजे १७ फुटांचा अखंड तुकडा घ्या, मधे जोड नको. बाहेर काढलेली कड १ फुटापेक्षा जास्त ठेवू नका. सावलीसाठी अडीच-तीन फूट बाहेर काढलेले टिन वाऱ्याला पकडायला दांडा देते. सावली हवीच असेल तर छज्जा वेगळा करा, तो गेला तरी घराचे छत राहते.

स्क्रूचा हिशोब असा. पहिल्या आणि शेवटच्या पर्लिनवर प्रत्येक उंचवट्याला एक, म्हणजे शीटमागे पाच-पाच. मधल्या चार पर्लिनवर चार-चार. एका शीटला २६, सात शीटना १८२. २०० आणा. शेजारच्या दोन शीटच्या जोडावर दर दीड फुटाला आखूड स्टिच स्क्रू, सहा जोडांना ६६. ७५ आणा. जोडाच्या आत घालायची ब्युटाइल टेप सहा जोड गुणिले १७ फूट, म्हणजे सुमारे ३१ मीटर. १० मीटरचे चार रोल.

एक अट लक्षात ठेवा. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूचे आटे धरायला पाइप जाड लागतो. जुना पाइप १.६ मिमीपेक्षा पातळ असेल आणि तो बदलायचा नसेल, तर तिथे जुना जे-हुकच बरा, कारण तो पाइपाला खालून कवेत घेतो. लाकडी बल्ल्यांनाही जे-हुकच वापरा.

बसवताना

पावसाळ्यातला वारा नागपुरात मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून सुरुवात पूर्वेच्या टोकापासून करा. प्रत्येक पुढची शीट आधीच्या शीटवर चढत पश्चिमेकडे जाते आणि जोडाचे तोंड पूर्वेला उघडते, वाऱ्याने पाणी त्यात घुसत नाही. पहिली शीट गुण्यात, म्हणजे काटकोनात, बसली की नाही हे दोरी धरून पाहा. पहिली अर्धा इंच तिरकी असेल तर सातवी साडेतीन इंच तिरकी जाते.

स्क्रू उंचवट्यावर, शीटला काटकोनात. कसण्याची खूण डोळ्यांनी दिसते: वॉशरच्या धातूच्या कडेबाहेर रबर नखाच्या कडेएवढे, सगळीकडून सारखे फुगलेले. फुगलेच नसेल तर ढिला आहे. रबर बाहेर पिळून आले असेल किंवा उंचवटा खाली दबून तिथे वाटी झाली असेल तर जास्त कसला गेला, त्या वाटीत पाणी थांबते आणि दोन उन्हाळ्यांत रबर चिरते. कारागिराच्या मशीनला खोली थांबवणारा क्लच असेल तर हे सगळे एकसारखे येते. नसेल तर पहिले वीस स्क्रू तुम्ही जवळ उभे राहून पाहा.

कापायचे असेल तर टिन कापायच्या कात्रीने. ग्राइंडरची ठिणगी लेप जाळते आणि तिच्यातले गरम लोखंडी कण जिथे पडतात तिथे पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उठतात. संध्याकाळी अख्खे छत मऊ झाडूने झाडून घ्या, ड्रिलचे बारीक छिलकेही तसेच गंजतात.

छत दोन उतारांचे असेल तर आढ्यावर रिज शीट दोन्ही उतारांवर किमान ६ इंच उतरलेली हवी, खाली फोमची पट्टी. कडेला टिन आणि भिंत यांच्यामधली उघडी फट फोमने किंवा पत्र्याने बंद करा, वारा आत शिरतो तो तिथूनच.

गच्चीवरचे शेड

ऊन अडवायला नागपुरात स्लॅबवर टिनाचे शेड घालायची पद्धत आहे, आणि वादळात सर्वात दूर उडतात तीही हीच. चारही बाजू उघड्या असल्याने वारा खालून-वरून दोन्हीकडून काम करतो. उभ्या पाइपाची पाटी ६ बाय ६ इंच, १० मिमी जाड, तिला १२ मिमीचे चार अँकर, आणि ती कॉलम किंवा बीमच्या माथ्यावर. विटांच्या कठड्याला बांधलेले शेड कठड्यासकट रस्त्यावर येते. पाटीखाली आणि बोल्टभोवती पीयू सीलंट भरायला विसरू नका, नाहीतर शेड टिकते आणि खालचा स्लॅब गळू लागतो. प्रत्येक दोन उभ्या पाइपांत एक तिरपा आधार द्या, त्याशिवाय चौकट पत्त्यांसारखी एका बाजूला झुकते. शेड घालण्याआधी परवानगीचे महापालिकेत विचारून घ्या, नंतर काढायला लागले तर खर्च दुप्पट होतो.

वादळाचा इशारा असेल त्या दिवशी प्लास्टिकची टाकी भरून ठेवा. रिकामी १००० लिटरची टाकी वारा सहज उचलतो, भरलेली एक टनाची असते. सुटे कूलर, रिकाम्या कुंड्या, जुनी फळकुटे खाली आणा.

काम घेतल्यावर

पैसे चुकते करण्याआधी नळीने पाणी मारून पाहा. सुरुवात खालच्या कडेपासून, एका जोडाला दहा मिनिटे, मग वरचा जोड. वरून सुरू केले तर गळती कुठली ते कळत नाही. आत एक माणूस टॉर्च घेऊन.

त्यानंतर वर्षातून दोनदा वर जा. अक्षय तृतीयेच्या सुमारास, वादळे जोर धरण्याआधी, स्क्रू तपासायला: वॉशर बोटाने फिरवून पाहा, फिरला तर ढिला, रबराला चिरा दिसल्या तर बदला, आणि कडेच्या दोन ओळी आधी. पोळ्याच्या सुमारास पन्हाळी साफ करायला, तेव्हा अर्ध्या पावसाळ्याची पाने आणि माती तोंडाशी साचलेली असते.